साडेचारशे घोडे आणि वीतभर फट

गेल्या महिन्यात एका ज्युनिअरचा प्रश्न आला. एम.एस्सी. झालंय, पेट परीक्षेची तयारी चालू आहे आणि जोडीला गावाकडे मित्रांबरोबर छोटं हॉवरक्राफ्ट बांधायचं चाललंय. एका माणसाचं, प्लायवूड आणि ताडपत्रीचं. प्रश्न सरळ होता, "दादा, इंजिन किती एचपीचं घेऊ?" मी लगेच उत्तर दिलं नाही. कारण हाच प्रश्न हॉवरक्राफ्टच्या इतिहासाला विचारला की त्या इतिहासाची नेहमीची गोष्ट थोडी हलते, आणि संशोधनात येऊ पाहणाऱ्यांनी ते हलणं एकदा बघावं असं मला वाटतं. त्यामुळे आधी इतिहास. इंजिनाचा आकडा शेवटी देतोच.

नेहमीची गोष्ट अशी. ख्रिस्तोफर कॉकरेल, जन्म १९१०, केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकलेला माणूस. १९३५ पासून १९५१ पर्यंत मार्कोनी कंपनीत रेडिओ आणि रडारवर काम केलं. मग नोकरी सोडली आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ ओल्टन ब्रॉड इथे बोटी बांधायचा, भाड्याने द्यायचा धंदा सुरू केला. धंदा काही फार चालला नाही. पण बोटीचा तळ पाण्याला घासतो आणि तिथेच इंजिनाची ताकद वाया जाते, हे त्याच्या डोक्यात बसलं. १९५५ मध्ये त्याने मांजराच्या खाद्याचा रिकामा डबा कॉफीच्या मोठ्या डब्यात बसवला, दोन्ही डब्यांमधल्या गोल फटीतून ब्लोअरने हवा सोडली आणि खाली स्वयंपाकघरातला तराजू ठेवला. नुसत्या एका डब्यातून तीच हवा सोडली तर तराजूवर जेवढा जोर दिसायचा, त्यापेक्षा या कड्यातून सोडल्यावर जास्त दिसला. डिसेंबर १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज गेला. १९५९ मध्ये एसआर.एन.१ नावाचं पूर्ण आकाराचं यान तरंगलं. हॉवरक्राफ्टचा जन्म झाला. टाळ्या.

यातलं काहीही खोटं नाही. डब्यांचा प्रयोग तर मला आजही आवडतो. त्याने तराजूवर किती ग्रॅम आले याला महत्त्व दिलं नाही, त्याच ब्लोअरने दोन रचनांमध्ये किती फरक पडतो हे पाहिलं. ब्लोअर कसला होता, हवा नेमकी किती येत होती, हे सगळं दोन्हीकडे सारखंच, म्हणून गुणोत्तर काढताना ते उडून जातं. उपकरणं हलकी असली तरी तुलना पक्की होती. तुमच्या विभागात महागडं यंत्र बंद पडून सहा महिने झाले असतील तर हे लक्षात ठेवा.

पण हवेच्या उशीची कल्पना कॉकरेलची नव्हती. बोटीच्या तळाखाली हवेचा थर ठेवावा हे इंग्लंडमध्येच जॉन थॉर्निक्रॉफ्टने १८७० च्या दशकात मांडलं होतं. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या नौदलासाठी म्युलर फॉन टोमाम्यूल याने एक वेगवान बोट केली. तिची चार इंजिनं पुढे ढकलण्यासाठी होती आणि पाचवं फक्त तळाखाली हवा भरायला. १९३० च्या दशकात सोव्हिएत रशियात व्लादिमीर लेव्हकोव्ह विमानाची इंजिनं लावून हवेच्या उशीवरच्या बोटी चालवत होता, आणि चांगल्या वेगाने. मग या सगळ्यांचं अडलं कुठे? उशी तयार करणं अवघड नाहीच. अवघड आहे ती टिकवणं, कारण हवा कडेने निसटते. ही निसटलेली हवा भरून काढायला जी ताकद लागते, तोच आपल्या ज्युनिअरचा प्रश्न.

आता थोडं गणित. पाठ्यपुस्तकातलं बर्नुली पुरे. तीन पायऱ्या आहेत.

उशीतला दाब म्हणजे यानाचं एकूण वजन भागिले उशीचं क्षेत्रफळ. इथे पर्याय नाही, वजन हवेनेच उचलायचंय. हा दाब हवेला फटीतून बाहेर ढकलतो, आणि तिचा वेग दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. दर सेकंदाला किती हवा गेली? हा वेग, गुणिले कडेची लांबी, गुणिले फटीची उंची, आणि वर ०.६ च्या आसपासचा एक गुणक, कारण फटीतून बाहेर पडताना प्रवाह आक्रसतो. शेवटी, या हवेचा दर सेकंदाचा घनफळाचा आकडा गुणिले दाब म्हणजे हवेला द्यावी लागणारी शक्ती. पंखा काही देवमाणूस नाही, तो निम्मी-अर्धी खातो, म्हणून त्याच्या कार्यक्षमतेने भागायचं.

यातून दोन गोष्टी दिसतात. शक्ती फटीच्या उंचीच्या सरळ प्रमाणात वाढते. आणि दाबाच्या दीड घाताने वाढते, म्हणजे दाब चौपट तर शक्ती आठपट. हा दीड घात खूप जण विसरतात. मीही विसरलो होतो, ते पुढे सांगतो.

हेच गणित एसआर.एन.१ ला लावून बघू. आइल ऑफ वाइट बेटावरच्या काउझ इथे साँडर्स-रो कंपनीने ते बांधलं. वजन सुमारे ४ टन, आकार लंबगोल, लांबी साडेनऊ मीटर आणि रुंदी साडेसात मीटरच्या आसपास. मधोमध उभ्या नळकांड्यात पंखा, त्याला अल्व्हिस लिओनिडस हे विमानाचं पिस्टन इंजिन, साधारण ४५० अश्वशक्तीचं. त्याच हवेतली थोडी मागे-पुढे वळवून यान ढकलायचं. ११ जून १९५९ ला ते लोकांसमोर तरंगलं. किती उंच? नऊ इंच. आपल्या भाषेत वीतभर.

उशीचं क्षेत्रफळ ५० चौरस मीटर धरलं तर दाब सुमारे ७८५ पास्कल येतो. ऐकायला मोठा वाटेल, पण तो पाण्याच्या फक्त ८ सेंटीमीटर उंचीच्या स्तंभाएवढा आहे, वातावरणाच्या दाबाच्या एका टक्क्याहूनही कमी. या दाबाखाली हवा सेकंदाला ३६ मीटर वेगाने बाहेर पडते. कड २७ मीटर, फट ०.२३ मीटर, गुणक ०.६ म्हणजे दर सेकंदाला १३५ घनमीटर हवा. एक मोठा वर्ग एका सेकंदात रिकामा! शक्ती १०६ किलोवॉट. पंखा आणि हवेच्या वाटा मिळून निम्मं खातात असं धरलं तर इंजिनाकडून २१२ किलोवॉट, म्हणजे सुमारे २८४ अश्वशक्ती. उरलेली पुढे ढकलायला आणि हाताशी राखायला. ४५० चं इंजिन का बसवलं असेल, हे पोस्टकार्डाएवढ्या कागदावर कळतं.

मी इथे कॉकरेलच्या शोधाचा फायदा धरलेला नाही, साधी उघडी फट धरलीय. त्याचा शोध असा की कडेने आत झुकलेला हवेचा झोत सोडायचा. उशीतला दाब या झोताला बाहेर वळवतो, आणि झोत वळवायला जोर लागतो म्हणून उलट तो झोत दाबाला धरून ठेवतो. हवेचाच पडदा. त्यामुळे तेवढ्याच शक्तीत जास्त वजन पेलतं, तराजूने दाखवलं ते हेच. पण पडद्याचं गणित केलं तरी शक्ती फटीच्या उंचीच्या प्रमाणातच राहते. पडद्याने पुढचा गुणक कमी होतो, मूळ नातं तेच राहतं. वीतभर उंच तरंगायचं तर वीतभर उंचीची किंमत मोजावीच लागते.

किंमत किती, हे त्याच वर्षीच्या एका प्रसंगातून दिसतं. २५ जुलै १९५९ ला एसआर.एन.१ ने कॅलेहून डोव्हरपर्यंत इंग्लिश खाडी पार केली. दोन तासांहून थोडा जास्त वेळ लागला. यानावर तिघे होते. वैमानिक पीटर लँब, जोडीला जॉन चॅपलिन, आणि स्वतः कॉकरेल. कॉकरेलचं काम ऐकाल तर हसाल. तोल सांभाळण्यासाठी इकडून तिकडे सरकणारं वजन! ४९ वर्षांचा शोधकर्ता स्वतःच्या शोधावर वाळूच्या पोत्याचं काम करत होता. तारीख मुद्दाम निवडलेली होती. बरोबर ५० वर्षांपूर्वी, २५ जुलै १९०९ ला, लुई ब्लेरिओने हीच खाडी विमानाने ओलांडली होती.

ब्लेरिओच्या विमानाला २५ अश्वशक्तीचं अंझानी इंजिन होतं, आणि माणसासकट वजन साधारण ३०० किलो. म्हणजे टनाला ८० च्या आसपास अश्वशक्ती. एसआर.एन.१ ला टनाला ११०. ब्लेरिओ पाऊण तासाच्या आत पोचला होता, तोही आकाशातून. पन्नास वर्षांनंतरचं यान वीतभर उंच, तिप्पट वेळ, आणि टनामागे ताकद जास्त. वर्धापनदिनाच्या उत्सवात ही तुलना कुणी मोठ्याने केली नसावी. कॉकरेलला आधी सगळीकडून नकार आले होते. नौदल म्हणालं हे विमान आहे, हवाई दल म्हणालं ही बोट आहे, असं तो नंतर गमतीने सांगायचा. आपण ते ऐकून नेहमी त्या अधिकाऱ्यांना हसतो. शेवटी पैसा आला तो राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळाकडून. पण १९५९ चं यान जसं होतं तसं कुणी मला विकायला आणलं असतं, तर मीही नाही म्हटलं असतं. वीतभर फट म्हणजे वीतभर लाट आली की पुढचा भाग ओला. समुद्रात वीतभर लाट कधी नसते?

खरी कलाटणी दुसऱ्या माणसाने दिली, आणि त्याचं नाव आपल्याकडच्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत सापडत नाही. सेसिल लॅटिमर-नीडहॅम. त्याने १९५८ मध्ये सुचवलं की यानाच्या कडेला रबरी कापडाची दुहेरी झालर लावायची आणि हवा त्या झालरीतून खाली सोडायची. म्हणजे स्कर्ट. पुढे कॉकरेलबरोबर काम करून एसआर.एन.१ वर सुमारे चार फुटांचा स्कर्ट बसवला गेला. आता यानाचा टणक तळ पाण्यापासून चार फूट वर, पण हवा निसटायची फट मात्र स्कर्टच्या टोकाशी उरलेली बोटभर. वरच्या गणितात फट २३ ऐवजी २ सेंटीमीटर ठेवा. २८४ ची गरज २५ अश्वशक्तीवर येते! वजन दुप्पट केलं तरी, दीड घाताने, ७० च्या आसपास. त्यामुळेच तेच यान नंतर पुष्कळ जास्त वजन घेऊन, मोठ्या लाटांवरून जाऊ शकलं. पडद्याने गुणक सुधारला होता, स्कर्टने मूळ चलच दहाव्या हिश्श्यावर आणलं.

स्कर्ट लगेच टिकले असंही नाही. सुरुवातीचे ताठ स्कर्ट पाण्यावर आपटून लवकर फाटायचे. मग डेनिस ब्लिसने कडेला सुट्ट्या पाकळ्या लावायची कल्पना आणली, त्यांना तिकडे फिंगर म्हणतात. एक पाकळी फाटली तर शेजारच्या दोन पसरून जागा भरतात, आणि बदलायची ती एकच पाकळी. आणि गंमत बघा, चांगला लवचीक स्कर्ट मिळाल्यावर हवेच्या पडद्याची गरजच जवळजवळ संपली. आज घरी बांधलेलं कुठलंही छोटं हॉवरक्राफ्ट उघडा, आत दोन डब्यांची रचना दिसणार नाही. पंखा, पिशवीसारखा स्कर्ट, आणि उशीत जाणारी भोकं. पेटंट ज्या गोष्टीचं होतं ती गोष्ट बाजूला पडली, आणि यान चाललं ते ज्याचं नाव फारसं कुणी घेत नाही त्याच्या झालरीवर. मग शोध कुणाचा? मला विचाराल तर कॉकरेलचं श्रेय काढून घ्यायचं कारण नाही. पूर्ण आकाराचं यान, पैसा, माणसं, हे सगळं त्याच्या चिकाटीने उभं राहिलं आणि त्याशिवाय स्कर्ट लावायला खाली काही नसतंच. पण "डब्याच्या प्रयोगातून हॉवरक्राफ्ट आलं" हे वाक्य अश्वशक्तीच्या हिशोबात बसत नाही, एवढं नक्की. संदर्भसूचीत कुणाचं नाव पहिलं यावरून वाद घालणाऱ्या आपल्या सगळ्यांना हे ओळखीचं वाटेल.

आता माझी चूक. बी.एस्सी.ला असताना प्रदर्शनासाठी आम्ही प्लायवूडचा चार फुटी गोल, खाली प्लास्टिकचा स्कर्ट आणि वर ६०० वॉटचा हँड ब्लोअर असं यान केलं. पन्नास किलोची मैत्रीण बसली, हॉलच्या गुळगुळीत फरशीवर एका बोटाने ढकललं तरी सरकायचं. उद्घाटनाला पाहुणे आले, म्हणून आयोजकांनी ते बाहेर पेव्हर ब्लॉकवर न्यायला सांगितलं. नेलं, ब्लोअर चालू केला, आणि यान जमिनीला घोरपडीसारखं चिकटून बसलं. मी घाईघाईत एका पातळ मुलाला बसवलं, तरी तेच. तेव्हा वाटलं ब्लोअर बिघडला. नंतर गणित केलं. बोर्डासकट ६० किलो, दाब ५२० पास्कल, फरशीवर फट मिलिमीटरभर धरली तर हवेला लागतात फक्त ३५ वॉट. पेव्हरच्या खाचांमुळे सरासरी फट पाच मिलिमीटर झाली की १७५ वॉट. ब्लोअर वीज ६०० वॉट खात असला तरी हवेत त्यातली चौथाईच उतरत असेल, म्हणजे १५०. फक्त एवढ्यावरून सगळं फसलं. आणि मी मित्रांना सांगत होतो की वजन १० टक्के कमी केलं की शक्ती १० टक्के कमी लागेल. लागते १५ टक्के कमी. दीड घात!

आता ज्युनिअरचं यान. त्याने सांगितलं तीन मीटर बाय दीड मीटर, माणसासकट २०० किलो. उशी ४ चौरस मीटर धरू. दाब ४९० पास्कल, म्हणजे पाण्याचे ५ सेंटीमीटर. (पारदर्शक नळी यू आकारात वाकवून पाणी भरा, एक टोक उशीत सोडा, थेट मोजता येतं. विसाव्या शतकातलं सगळ्यात स्वस्त उपकरण.) हवेचा वेग सेकंदाला साडेअठ्ठावीस मीटर. कड ८ मीटर, बऱ्यापैकी शिवलेला स्कर्ट असेल तर फट दीड सेंटीमीटर. दर सेकंदाला २ घनमीटर हवा, सुमारे १ किलोवॉट. घरगुती पंख्याची बैठक ४० टक्के धरली तर इंजिनाकडून अडीच किलोवॉट, साडेतीन अश्वशक्तीच्या जरा आत. स्कर्ट नसता आणि वीतभर तरंगायचं असतं तर पन्नासच्या वर लागली असती.

एक बाब लहान यानांच्या विरोधात जाते. एसआर.एन.१ ला दर चौरस मीटर उशीमागे कड अर्धा मीटर होती, याला दोन मीटर आहे. गळती कडेने होते आणि वजन क्षेत्रफळाने पेललं जातं, त्यामुळे लहान यान कायम तोट्यात. म्हणूनच १९६८ पासून इंग्लिश खाडीत मोटारगाड्या आणि माणसं नेणारं एसआर.एन.४ एवढं अवाढव्य होतं. त्याला ३,४०० अश्वशक्तीची चार टर्बाइन इंजिनं होती, आणि ही सेवा २००० सालापर्यंत चालली.

पण उचलणं हा सोपा भाग. पाण्यावर उशी ५ सेंटीमीटरचा खड्डा पाडते आणि यान निघालं की तो खड्डा लाट होऊन पुढे उभा राहतो. ठरावीक वेगाला ही लाट सगळ्यात मोठी होते. तीन मीटर लांबीला तो वेग ताशी ११ किलोमीटरच्या आसपास येतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं यान अडकलंय, आणि ते खरंच अडकलेलं असतं. ही चढण ओलांडली की लाट मागे पडते, वेग झपाट्याने वाढतो. सिद्धांताने या चढणीचा विरोध वजनाच्या साडेसहा-सात टक्के येतो, म्हणजे १३० न्यूटन. स्कर्टचं घासणं, समोरचा वारा आणि वेग घ्यायला थोडं, असं मिळून २०० न्यूटनचा जोर हवा. ९० सेंटीमीटर व्यासाच्या पंख्याला त्यासाठी आदर्श स्थितीत २.३ किलोवॉट लागतात, खऱ्यात दुप्पट. म्हणजे सहा अश्वशक्ती. एकूण साडेनऊ-दहा.

हे त्याला कळवलं. त्याचा आनंद ओसंडून वाहत होता, कारण काकांच्या शेतातल्या पंपाचं पाच एचपीचं जुनं पेट्रोल इंजिन उचलायला चालणार होतं आणि ढकलायला एक सहा-सातचं बघून ठेवलं होतं. मी म्हटलं, आधी सगळं सामान काट्यावर ठेव. गावातल्या धान्याच्या काट्यावर ठेवलं तर २४० किलो भरलं. वजन फक्त २० टक्के जास्त. उचलायची शक्ती दीड घाताने वाढून साडेचार झाली, पाचचं इंजिन जेमतेम पुरेल. पण चढणीचा विरोध दाब गुणिले वजन, म्हणजे वजनाच्या वर्गाने वाढतो, आणि जोराची शक्ती जोराच्या दीड घाताने. दोन्ही मिळून वजनाचा घन. सहाची गरज जवळपास अकरावर गेली.

सध्या तो प्लायवूडची जाडी कमी करतोय.